लाइन धरून

७ फेब्रुवारी

प्रिय भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. लहानपणी आई आपल्याला पत्रं लिहायला बसवायची तेव्हा पहिल्या दोन ओळी अशाच ठरलेल्या असायच्या. तिसऱ्या ओळीला तू पेन्सिल चावत बसायचास. आज ती पाळी माझ्यावर आली आहे.

तुझा पत्ता मला कुठून मिळाला, हे तू आधी विचारशील. आईने दिला. आईला कुठून मिळाला, ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तू मला वेडी ठरवून पत्र बाजूला ठेवशील, आणि अकरा वर्षांनी लिहिलेलं पत्र निदान पुरतं वाचलं जावं एवढी माझी इच्छा आहे.

तर साधी बातमी अशी, की आईला मोबाइल घेतला. हो, आपल्याच आईला. घरातला काळा फोन बंद झाला. कंपनीची नोटीस आली की या भागातल्या तारा काढणार, ज्यांना हवा त्यांनी मोबाइल घ्यावा. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून देणारी बाई ही. तिने नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि विचारलं, "मग तो फोन करेल तेव्हा कुठे करेल?"

'तो' म्हणजे कोण, हे आमच्या घरात कधी विचारावं लागत नाही.

मी म्हटलं, घेऊ या की मोबाइल. मी अजून पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवरच आहे. पगाराला पंख फुटलेले नाहीत, त्यामुळे महागड्याचा तोरा परवडणार नव्हता. आणि स्वस्तातला रडका घ्यायचा नाही, हे आईने आधीच बजावलं होतं. "ऐन वेळी बंद पडता कामा नये. बाकी काही नसलं तरी चालेल." सगळी खरेदी या एका अटीवर झाली.

पहिल्या दुकानातला पोरगेलासा विक्रेता कॅमेऱ्याचं कौतुक सांगत सुटला. "आजी, फोटो इतका स्पष्ट, की सुरकुती न् सुरकुती दिसते बघा." आई म्हणाली, "ती मला आरशात फुकट दिसते." दुसऱ्याकडे वापरलेला एक छान फोन मिळत होता, मला पटलाही होता. आईने तो हातात घेतला, कानाजवळ नेला आणि परत ठेवला. "आधी कोणाचं काय काय ऐकलेलं असेल याने," म्हणाली. तिसरा दुकानदार पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने कॅमेरा वगैरे काही दाखवलं नाही, आईला बसायला स्टूल दिलं. आईने त्याला एकच प्रश्न केला. "यावर लाइन किती वेळ धरता येते?"

त्याला वाटलं ती बॅटरीचं विचारते आहे. "दोन दिवस चार्ज नाही केलात तरी चालेल, आजी."

"दोन दिवस," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागले.

तोच घेतला. जाडजूड बॅटरी, मोठी अक्षरं, शेजाऱ्यांना उठवील असा आवाज, आणि दुरुस्तीचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. नवा नंबर घेतला, जुना त्यावर येत नाही म्हणाले. आई चार दिवसांत शिकली. सुरुवातीला पडद्यावर बोट असं दाबायची, जणू दारावरची घंटा वाजवतेय. तिचे दोन नियम मात्र याही फोनला लागू झाले. तुला आठवत असतीलच. लिहून घेतलेलं परत वाचून दाखवायचं. आणि ज्याने फोन लावला त्यानेच आधी ठेवायचा. आपण वाण्याकडची यादी लिहून घेतली तरी ती "वाचून दाखव" म्हणायची, नाही तर साखरेऐवजी साबण यायचा म्हणे. आला एकदा, तुझ्याच हातून.

आता खरं सांगायचं ते. फोन घेतल्याच्या पाचव्या दिवसापासून आईला रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन येतो. ती उचलते, "बोला" म्हणते आणि ऐकत बसते. मधूनमधून "हं" म्हणते. अर्धा तास, कधी तास. मग ठेवत नाही. टेबलावर रुमाल पसरून त्यावर फोन हलकेच ठेवते आणि कामाला लागते. मी विचारलं कोण, तर म्हणाली, "तोच. बोलत नाहीये अजून. गुणगुणतोय."

मी आधी हसले. कर्ज घ्या, विमा घ्या असं सांगणाऱ्या कुणाचा असेल म्हटलं. पण हा नंबर मला, आईला आणि दुकानदाराला सोडून कोणालाच माहीत नाही. फोनमधली आलेल्या कॉलची यादी काढून पाहिली. तीत फक्त माझंच नाव. फोन दुकानात नेला. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, यावर आजवर तुमच्याशिवाय कोणाचाच फोन आलेला नाही." मी मात्र रिंग माझ्या कानांनी ऐकली होती.

गेल्या मंगळवारी आईने ऐकता ऐकता पेन्सिल उचलली. कॅलेंडरच्या कडेला तिच्या त्या ऑपरेटरच्या अक्षरात एकेक ओळ लिहिली. खोली, जिना, गल्ली, गाव. तोच पत्ता या पाकिटावर आहे. तो वाचून मला हातातला कप खाली ठेवावा लागला. का, ते आत्ता नको.

तू फोन करतोस का, एवढंच कळव. करत असशील तर एखादा शब्द माझ्याशीही बोल. करत नसशील तर तेही कळव, म्हणजे आईला डॉक्टरकडे न्यायला मला बरं पडेल.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझं उत्तर नाही. पण माझं पत्रही परत आलेलं नाही. ते मी आमच्याच खिडकीवरून, पोचपावती लावून पाठवलं होतं. चुकीचे पत्ते कसे परत येतात हे मला कोणी शिकवायला नको. पाठीवर शिक्के घेऊन ते शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तुझं आलं नाही. पावती तेवढी आली. सहीची जागा कोरी आहे. खाली, वाटप करणाऱ्याने शेरा मारला आहे. तो जसाच्या तसा लिहिते.

"इमारत बंद. जिन्याखाली एक इसम फोनवर. खुणेने ठेवून जा म्हणाला. सही दिली नाही."

मी तिथल्या ऑफिसला फोन लावला, त्या माणसाशीच बोलले. तो म्हणाला, "बाई, ते पूर्वी लॉज होतं. किती वर्षं बंद आहे. वीज नाही, पाणी नाही." मग जिन्याखाली फोन कसा, असं विचारलं तर म्हणाला, "तेच मी घरी गेल्यावर बायकोला विचारलं." पुन्हा त्या गल्लीत पार्सल असेल तर दुसऱ्या कोणाला द्या, असंही म्हणाला.

भुंग्या, मी घाबरट नाही, हे तुला माहीत आहे. माळ्यावरचं सगळं मीच उतरवायची, तू खाली उभा राहून सूचना द्यायचास. म्हणून मी रविवारी एक गोष्ट केली. दुपारी केस धुवायला आई आंघोळीला गेली तेव्हा तिच्या फोनमधलं सिमकार्ड काढलं. नखाएवढं असतं ते. ते निघालं की फोन नुसता डबा होतो, दुकानदारानेच सांगितलं होतं. फोन रुमालावर ठेवला, सिम मुठीत घट्ट धरलं आणि खुर्ची ओढून समोर बसले.

चार वाजून दहा मिनिटांनी तो वाजला.

नंबर नाही, नाव नाही. पडदा काळाच होता. फक्त आवाज, आणि तोही या फोनचा नव्हे. आपल्या जुन्या काळ्या फोनची ती खरखरीत घंटा. मी मूठ उघडून बघितली. सिम तिथेच होतं, घामाने ओलं झालेलं. उचलायला माझा हात धजत नव्हता. पण न उचलता बसणं त्याहून अवघड झालं.

आधी गुणगुण ऐकू आली. तुला भुंग्या का म्हणायचे ते घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. वाट बघताना, कंटाळल्यावर, घाबरल्यावर तू तोंड मिटून असाच एका सुरात गुणगुणायचास. तोच सूर. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. लाकडी जिन्यावरून कोणीतरी उतरलं. एक माणूस वैतागून म्हणाला, "आटपा हो, आम्हालाही फोन लावायचाय." मग तू श्वास घेतलास आणि म्हणालास, "ताई, लिहिलंस का? वाचून दाखव ना."

मी हे शब्द पूर्वी ऐकलेले आहेत. याच क्रमाने, मागच्या त्या नळासकट.

आई ओल्या केसांनी बाहेर आली. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि माझी मूठही बघितली. रागावली नाही. म्हणाली, "सिम काढून काय होणार? आपण ठेवल्याने लाइन सुटत नसते, बाळा. ज्याने लावली त्याने ठेवली तरच सुटते. आमच्या एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो."

मग फोन कानाला लावून तिने नेहमीसारखं "हं" म्हटलं.

मला कामावर जायचं आहे. पुढचं आज लिहिता येणार नाही. वेळ नाही असं नाही, रविवारपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला.

ताई


३ मार्च

भुंग्या,

आज आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. ते द्यायची माझी लायकी आहे का, हे पत्र वाचून तूच ठरव.

अकरा वर्षांपूर्वी तुझा शेवटचा फोन आला, तेव्हा तू भांडून गेलास त्याला सात महिने झाले होते. त्याआधी तू तीनदा गेला होतास आणि तीनदा परत आला होतास. दरवेळी आईने तुझ्यासाठी दार उघडताना रडायचं, तुझ्या ताटात आधी वाढायचं, आणि मी चादरी बदलायच्या. तू नसताना तिचे पाय मी चेपायची, औषधं मी आणायची, आणि ती खिडकीकडे बघून म्हणायची, "तो असता तर." मला स्थळ आलं होतं तेव्हा. "आईला एकटं टाकून कशी जाऊ" म्हणून मीच नाही म्हटलं होतं, आणि त्याबद्दल मला कोणी काही म्हटलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं, ते सांगते.

आई पेन्शनच्या कागदांसाठी बाहेर गेली होती. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तू म्हणालास, "ताई, ताप उतरत नाहीये. आठ दिवस झाले. आईला सांग, मला न्यायला या. पत्ता लिहून घे."

फोनशेजारी पेन्सिल दोऱ्याला बांधलेली असायची. वहीही तिथेच होती. मी हात पुढे केला नाही. तू खोली सांगितलीस, मी "हं" म्हटलं. जिना, गल्ली, गाव, प्रत्येकाला "हं" म्हटलं. मला वाटलं, आलं परत सोंग. आता हा येणार, आई रडणार, आणि मी चादरी बदलणार. आईने शिकवलेलं तू विसरला नव्हतास. शेवटी म्हणालास, "लिहिलंस का? वाचून दाखव ना."

माझ्याकडे वाचायला काही नव्हतं. मी फोन ठेवला.

पुन्हा करेलच, असं धरलं होतं. तासाभराने घाबरून उचलला तर नेहमीचा टूऽऽ आवाज नाही. गुणगुण फक्त. मी म्हटलं, फोन बिघडला. आई आल्यावर तिलाही तेच सांगितलं. तिने तक्रार नोंदवली. माणूस दोन दिवसांनी आला आणि त्याने काहीतरी करून लाइन सोडवली. ते दोन दिवस आई उठता-बसता रिसीव्हर कानाला लावून बघायची आणि म्हणायची, "कोणीतरी धरून आहे गं." मी म्हटलं, उंदराने वायर कुरतडली असेल.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. पत्ता आठवायचा मी खूप प्रयत्न केला. "हं" म्हणताना ऐकलेलं डोक्यात राहत नाही; कॅलेंडरवर वाचला तेव्हा मात्र लगेच ओळखला. आणि आईला सांगण्याचा दिवस रोज उद्यावर ढकलला. अकरा वर्षांत असे चार हजार उद्या गेले.

काल हे सगळं मी आईसमोर बोलले. ती खुर्चीत, मी खाली जमिनीवर. बोलून झाल्यावर विचारलं, "त्याने तुला आधीच सांगितलं होतं का?"

"त्याने काही सांगितलं नाही. पत्ता तेवढा सांगतोय, पुन्हा पुन्हा," आई म्हणाली. "पण फोन वाजला की तू कशी दचकतेस, ते मी अकरा वर्षं बघतेय. ऑपरेटर होते मी. बोललेलं कळतं तसं गिळलेलंही कळतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून लाइन धरून होते."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले, भुंग्या. तिने हात ठेवला, पण जरा वेळाने. मी म्हटलं, "राग नाही आला?"

"आलाय. फार आलाय. तो नंतर. आधी त्याला पत्ता वाचून दाखव."

"मी लिहून घेतलं असतं तर तो आज…"

"ते मला विचारू नकोस," आई म्हणाली. "मी त्याला परवा वाचून दाखवला. तो ऐकून घेतो आणि पुन्हा 'ताई' म्हणतो. तूच वाचून दाखवल्याशिवाय तो ठेवणार नाही."

मग तिने ते सांगितलं, ज्यासाठी हे पत्र लिहायला मला दिवस लागला. तू एकदा ठेवलास की लाइन सुटेल. मग चार वाजून दहा मिनिटं होतील आणि फोन वाजणार नाही. उद्या नाही, परवा नाही. मी म्हटलं, "मग राहू दे ना आई. निदान तुला त्याचा आवाज तरी ऐकायला मिळतो." तिने माझ्याकडे बघितलं, लहानपणी एकदाच बघितलं होतं तसं.

"अकरा वर्षं उभं आहे गं पोर जिन्याखाली," म्हणाली. "पाय दुखले असतील त्याचे."

आता चार वाजायला आले आहेत. कॅलेंडरचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं आहे. बाकीचं नंतर लिहिते.

*

पाच वाजले.

वाजला, उचलला. तू म्हणालास, "लिहिलंस का? वाचून दाखव ना." मी वाचला. माझा आवाज पहिल्या ओळीलाच फाटला, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून वाचला. खोली. तू "हं" म्हणालास. जिना. "हं." गल्ली, गाव, सगळ्याला "हं." मागे नळ ठिबकत होता, तो मध्येच थांबला. शेवटी तू म्हणालास, "बरोबर." आणि मग, पूर्वी पैजेत हरल्यावर म्हणायचास तसं, "बराच वेळ लावलास ताई."

मी काय म्हणाले ते तू ऐकलंस. इथे पुन्हा लिहीत नाही.

आईने हात पुढे केला. तिने फोन घेतला, पाठ ताठ केली आणि तिच्या ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "आपलं बोलणं पूर्ण झालं?" तू तिला काय सांगितलंस, मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ मान हलवत होती. मग खट्. मला एवढ्या अंतरावरूनही कळलं. रिसीव्हर हुकावर बसल्याचा आवाज होता तो.

आई फोन कानाला लावून तशीच बसली होती. मी तो काढून घ्यायला गेले नाही. खोलीत इतकी शांतता होती, की तुझी गुणगुण आत्तापर्यंत भिंतींतून येत होती, हे ती थांबल्यावर मला समजलं.

मग तिने फोन चार्जिंगला लावला. कपाटातून जाडी शाल काढली, दोन्ही पिशव्या काढल्या आणि मला म्हणाली, "पत्ता एकदा मलाही वाचून दाखव. सकाळी निघायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? न्यायला या म्हणाला होता ना?"

मी "इमारत बंद आहे" म्हणाले नाही. पत्ता वाचून दाखवला. रजेचा अर्ज लिहिला. हे पत्र जाता जाता आमच्याच खिडकीवर टाकीन. ते आधी पोचेल की आम्ही, सांगता येत नाही. आम्ही आधी पोचलो तर निदान मागून येणारं पत्र घ्यायला घरचं कोणीतरी असेल.

तिथे जे असेल ते आम्ही घेऊन येऊ. जिन्याखालीच थांब. उभा राहू नकोस आता, बस.

अकरा वर्षं उशिरा निघालेली,
तुझी ताई